बाळाचं ड जीवनसत्त्व: रोजचे थेंब, आईच्या गोळ्या, ऊन आणि मुडदुसाची लक्षणं

पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध पुरतं. पाणीही द्यायचं नसतं. याला अपवाद एकच, ड जीवनसत्त्व. आईच्या एक लिटर दुधात ते साधारण २० ते ८० आययू असतं. आययू म्हणजे औषधाच्या पाकिटावर छापलेलं आंतरराष्ट्रीय एकक; ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. अंगावर पिणारं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं, म्हणजे त्याच्या पोटात फार तर ६० आययू जातात. त्याला लागतात ४००.

ही तूट आईने खाणंपिणं कितीही सुधारलं तरी भरून निघत नाही, आणि तो आईच्या दुधाचा दोषही नाही. माणसाला ड जीवनसत्त्व मुख्यतः कातडीवर पडणाऱ्या उन्हातून मिळतं, दुधातून नाही. आपल्याकडे बाळ आणि बाळंतीण दोघंही घरात असतात, म्हणून ते बाटलीतून द्यावं लागतं.

घरोघरी मात्र वाटत असतं की याची सोय झालेली आहे. आई कॅल्शियमच्या गोळ्या घेते, बाळाला सकाळचं कोवळं ऊन दाखवलं जातं, नऊ महिन्यांचं झालं की लशीबरोबर ‘व्हिटॅमिनचा डोस’ मिळतो. यातलं काहीच बाळाची ड जीवनसत्त्वाची गरज भागवत नाही. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर चमच्याने पाजतात ते अ जीवनसत्त्व, १ लाख आययू. पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत २ लाख मिळतं तेही अ जीवनसत्त्वच. ते डोळ्यांसाठी आणि संसर्गाशी लढण्यासाठी गरजेचं आहे, जरूर घ्या. पण त्याने हाडं घट्ट होत नाहीत.

सुरुवात गर्भारपणात

जन्मताना बाळाच्या रक्तात ड जीवनसत्त्वाची पातळी आईच्या पातळीच्या साधारण अर्धी ते पाऊण असते. आईची दर मिलिलिटर रक्तात १० नॅनोग्रॅम असेल तर बाळ सहा-सात घेऊन जन्माला येतं. हा साठा दोन-तीन आठवड्यांत निम्मा होतो, म्हणजे दोन महिन्यांच्या आत त्यात फारसं काही उरत नाही. मुडदूस (हाडं मऊ राहण्याचा आजार) आणि आकडीचे रुग्ण बघितले तर बहुतेकदा मुळाशी आईचीच कमतरता सापडते.

सरकारी कार्यक्रमात गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून, म्हणजे १४ आठवडे झाल्यावर, रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० आययू ड३ (ड जीवनसत्त्वाचाच प्रकार), म्हणजे दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि ५०० आययू. आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात त्या मोफत मिळतात. खासगी दवाखान्यात दाखवत असाल तरी तुमच्या गोळीच्या पट्टीवर हे दोन आकडे शोधून बघा. नुसतं कॅल्शियम असलेल्या गोळ्याही बाजारात आहेत.

या गोळ्या वाया जातात त्या घेण्याच्या पद्धतीमुळे. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन्ही गोळ्या ‘एकदम आठवणीने’ घेणारी गर्भवती दोन्ही नेमाने घेते आणि हिमोग्लोबिन मात्र जागचं हलत नाही. वेळापत्रक असं ठेवा: सकाळच्या जेवणाबरोबर एक कॅल्शियम, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरी, आणि लोहाची गोळी मधे चारच्या सुमाराला लिंबूपाण्यासोबत. लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियम उपाशीपोटी घेऊ नका. पोटात गुबारा धरतो, बद्धकोष्ठ होतं आणि मग गोळ्या सुटतात.

दिवसाला ५०० आययू हा निभावणीचा डोस आहे. पातळी मुळातच तळाला गेलेली असेल तर ती यावर वर येत नाही. पुढच्यापैकी काही लागू पडत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा: दिवसभर घरात किंवा ऑफिसात काम, बाहेर पडताना अंग पूर्ण झाकलेलं, दोन बाळंतपणांत कमी अंतर, गडद वर्ण, वजन जास्त, फिट्सची औषधं चालू, किंवा आधीच्या मुलाला मुडदूस झालेला. आईच्या अंगातली कमतरता बहुधा ‘कंबर गेली’ या नावाखाली लपते. नडगीचं हाड दाबलं की दुखतं, जिना चढताना मांड्या भरून येतात, खाली बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठवत नाही. बाळंतपणाचा थकवा म्हणून सगळे सोडून देतात. ही लक्षणं असतील तर तपासणी करून घ्यावी.

गर्भारपणात रोज १००० ते २००० आययू सुरक्षित मानले जातात. आठवड्याला ६०,००० आययूची पुडी घ्यायची का, हे प्रसूतितज्ज्ञ ठरवतील. पुडी लिहून दिलीच तर चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून मागा आणि कॅलेंडरवर वार ठरवून खूण करा. पुडी रोज घेतल्यामुळे विषबाधा झालेले रुग्ण डॉक्टरांना बघावे लागतात. सात दिवसांची चूक म्हणजे ४ लाख २० हजार आययू. पुडी दुधात ढवळून किंवा तेलतूप असलेल्या जेवणानंतर घ्यायची, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर शोषलं जातं. नुसत्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घेतलं तर त्यातलं कमी अंगी लागतं.

आईनेच भरपूर घेतलं तर दुधातून बाळाला मिळणार नाही का? मिळतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्तनदा मातांना रोज ६४०० आययू दिले, तेव्हा बाळाला वेगळे थेंब न देताही पुरेसं मिळालं. पण स्तनदा मातेसाठी रोजची वरची मर्यादा ४००० धरली जाते, त्यामुळे तो डोस मनाने घेण्यासारखा नाही. शिवाय आईच्या गोळ्या चुकल्या की बाळाचा डोसही चुकणार. थेंब स्वस्त आहेत, मोजता येतात आणि आईवर अवलंबून नाहीत. तोच मार्ग धरावा, आणि आईची पुडी चालू आहे म्हणून बाळाचे थेंब आपणहून थांबवू नयेत.

बाळाचे थेंब

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सची शिफारस स्पष्ट आहे: जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुरू करायचं आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत रोज ४०० आययू. उन्हाळा असो की पावसाळा, बाळ गोरं असो की सावळं, बाळसं धरलेलं असो की किरकोळ. याला रक्ततपासणी लागत नाही. वरचं दूध पिणाऱ्या बाळाला डब्यातल्या पावडरीतून काही मिळतं, पण दिवसाला एक लिटरच्या खाली पीत असेल तर ४०० पूर्ण होत नाहीत. डबा डॉक्टरांना दाखवून विचारा. गाईचं किंवा म्हशीचं दूध पाजलं जात असेल तर थेंब हवेतच, कारण त्यात ड जवळजवळ नसतं. खरं तर वर्षाच्या आत ते दूध मुख्य आहार म्हणून देऊच नये.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाचा डोस वेगळा असतो, बहुधा जास्त. तो काचेच्या पेटीतून घरी पाठवताना डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला असतो. तो डोस आणि तो कालावधी पाळा. शेजारच्या बाळाचा डोस याला लावू नका.

आता बाटली. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दुकानात ड३चे थेंब वेगवेगळ्या ताकदीत मिळतात. काही बाटल्यांत १ मिलिमध्ये ४०० आययू असतात, काहींत १ मिलिमध्ये ८००. पहिल्यातून १ मिलि द्यायचं, दुसऱ्यातून अर्धा मिलि. दुकानदाराने कंपनी बदलून दिली तर ताकदही बदललेली असू शकते, आणि घरात मात्र ‘एक ड्रॉपर भरून’ हीच सवय चालू राहते. म्हणून नवी बाटली आली की दरवेळी लेबल वाचा. ‘प्रत्येक १ मिलिमध्ये’ यापुढे जो आकडा असेल त्याने ४०० ला भागा. उत्तर येईल तेवढे मिलि द्यायचे. तो आकडा पेनने बाटलीवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवा, म्हणजे आजी, आई, मावशी कुणीही दिलं तरी एकच मात्रा जाईल.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे ५ मिलिची छोटी बाटली, जिच्यात ६०,००० आययू असतात. ती मोठ्यांसाठी असते आणि एकदाच पिऊन टाकायची असते. दिसायला ती बाळाच्या औषधासारखीच इवलीशी. तिच्यातला १ मिलि म्हणजे १२,००० आययू, बाळाचा महिन्याभराचा डोस. आईसाठी आणलेली अशी बाटली बाळाच्या औषधांच्या डब्यात ठेवू नका.

अमेरिकेहून किंवा कॅनडाहून कुणी थेंबांची बाटली आणली असेल तर आणखी जपून. तिकडे एकाच थेंबात ४०० आययू असलेली औषधं मिळतात. आपल्या सवयीने त्यातलं १ मिलि दिलं तर वीस-तीस थेंब जातात, म्हणजे आठ ते बारा हजार आययू. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये ड्रॉपरमुळे होणाऱ्या अशाच जादा डोसाबद्दल पालकांना सावध केलं होतं. उलटही होतं: १ मिलि द्यायचं असताना ‘थेंब’ या शब्दामुळे एक थेंब दिला जातो आणि बाळाला दिवसाला जेमतेम १५-२० आययू मिळतात. चिठ्ठीवर ‘ड्रॉप्स’ लिहिलं म्हणजे थेंब मोजायचे असं नाही. मिलि किती, ते विचारा.

देण्याची पद्धत अशी:

१. हात धुवा. बाटली हलवायची असेल तर लेबलवर लिहिलेलं असतं.

२. बाटलीबरोबर आलेलाच ड्रॉपर वापरा. दुसऱ्या औषधाच्या ड्रॉपरच्या खुणा वेगळ्या असतात. मूळ ड्रॉपर हरवला तर औषधाच्या दुकानातून १ मिलिची सुई नसलेली सिरिंज घ्या. तिच्यावर अर्धा मिलि अगदी स्पष्ट दिसतो.

३. औषध ओढून ड्रॉपर डोळ्यांच्या पातळीवर उभा धरा. खुणेच्या वर गेलं असेल तर जादा परत बाटलीत सोडा. आत हवेचा बुडबुडा असेल तर तेवढं औषध कमी जातं, पुन्हा ओढा.

४. बाळाला मांडीवर घेऊन डोकं थोडं उंच ठेवा. ड्रॉपरचं टोक जिभेवर न ठेवता गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडा. घशात पिचकारी मारली तर ठसका लागतो.

५. लगेच अंगावर पाजा. दुधातल्या स्निग्धांशामुळे शोषणही चांगलं होतं.

६. ड्रॉपर बाळाच्या तोंडाला लागला असेल तर धुऊन कोरडा करूनच बाटलीत घाला.

दुधाच्या बाटलीत किंवा वाटीभर पेजेत औषध मिसळू नका. बाळाने अर्धं सोडलं तर किती गेलं ते कळत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. दिल्यावर ओकलं तरी पुन्हा देऊ नका, उद्याचं उद्या. एका दिवसाने काही बिघडत नाही, बिघडतं ते आठवड्यामागून आठवडे विसरल्याने. त्यावर उपाय म्हणजे ठरलेल्या कामाला ते जोडणं. आपल्याकडे बाळाची आंघोळ रोज त्याच वेळी होते. मालीश, आंघोळ, धुरी, थेंब, दूध आणि झोप असा क्रम लावला की लक्षात ठेवावं लागत नाही.

बाटली किती दिवसांत संपली, यावरून चूक पकडता येते. १५ मिलिची बाटली रोज अर्ध्या मिलिने ३० दिवस पुरते. दहा-बारा दिवसांत संपली तर जास्त दिलं जातंय, आणि तिसऱ्या महिन्यातही तीच चालू असेल तर थेंब विसरले जातायत. बाटली उघडल्याची तारीख लिहा, उन्हापासून लांब ठेवा, आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर पाहा.

डोस दुप्पट होण्याचा आणखी एक रस्ता आहे. मल्टीव्हिटॅमिनच्या थेंबांत आणि मुलांच्या कॅल्शियम सिरपमध्येही ड असतं. एका डॉक्टरांनी एक, दुसऱ्यांनी दुसरं लिहून दिलं तर घरी तिन्ही बाटल्या नेमाने पाजल्या जातात. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. बाळगुटीत मात्र ड जीवनसत्त्व नसतं. ती थेंबांची जागा घेऊ शकत नाही, आणि सहा महिन्यांच्या आत तिची गरजही नाही.

उन्हाचं गणित

कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतात ते अतिनील ब किरण. सूर्य खाली असला की ते हवेतच अडतात. सकाळी सात-आठच्या कोवळ्या उन्हात ऊब असते, प्रकाश असतो, आईला अंगणात बसून बरं वाटतं; पण हे किरण जवळपास नसतात. ओळखायची खूण सोपी आहे. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. मुंबई-पुण्यात डिसेंबरात सावली उंचीपेक्षा आखूड होते ती भर दुपारी साडेबाराच्या आसपास, तीही थोडाच वेळ. एप्रिल-मेमध्ये ती साडेनऊ-दहापासूनच आखूड असते, पण तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात त्या उन्हात कुणी उभं राहू नये. पावसाळ्यात ढगांमुळे कोकणात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही.

काचेतून हे किरण आत येत नाहीत. खिडकी लावून पलंगावर पडणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही. खिडकी उघडी हवी किंवा गच्ची हवी. गडद कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ड जीवनसत्त्वासाठी भर उन्हात ठेवू नका. त्याची कातडी पातळ असते, अंग पटकन तापतं, पाणी कमी होतं. थेंब दिले की उन्हाचा प्रश्न उरत नाही. तेल लावून कोवळ्या उन्हात खेळवण्याची पद्धत हवी तर चालू ठेवा, फक्त तिच्या भरवशावर थेंब बंद करू नका. बाळाची कावीळही कोवळ्या उन्हाने बरी करत बसू नये, ती डॉक्टरांना दाखवावी.

बाळंतिणीचं मात्र वेगळं आहे. सव्वा महिना बंद खोलीत काढणं, कान बांधून शेक घेणं यात उन्हाचा संबंधच तुटतो, आणि पुढे तीच सवय लांबते. तिने थंडीच्या दिवसांत साडेअकरा ते एकच्या दरम्यान आणि उन्हाळ्यात दहाच्या सुमाराला हात, पाय, पाठ उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा गच्चीत किंवा अंगणात बसावं. तेवढ्या वेळापुरतं सनस्क्रीन नको. कातडी लाल होण्याआधी आत यायचं. चालायला लागलेल्या मुलांनाही बाहेर खेळू द्यावं. संध्याकाळी साडेपाचच्या बागेतून व्यायाम मिळतो, ड मिळत नाही.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च उन्हात हे किरण नसतातच. तिथे अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम, आणि गर्भवती व स्तनदा मातेला १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. सावळ्या वर्णाच्या आपल्या लोकांनी ते वर्षभर घ्यावं असा तिथला सल्ला आहे. तिथल्या बाटलीवर आययूऐवजी मायक्रोग्रॅम असतात, ४० ने गुणा. बाळंतपणाला गेलेल्या आज्यांनी ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणून हे थेंब थांबवू नयेत. सातारा-सांगलीचं ऊन लंडनला नाही.

जेवणातून काय मिळतं

ड जीवनसत्त्व फारच थोड्या पदार्थांत असतं. बांगडा, तारली, पेडवे अशी तेलकट मासळी सगळ्यांत चांगली, म्हणून किनाऱ्यावरच्या मासे खाणाऱ्या घरांना थोडा फायदा आहे. एका अंड्याच्या बलकात साधारण ४० आययू. पिशवीच्या दुधावर निळ्या रंगात ‘+एफ’ ही खूण असेल तर त्यात अ आणि ड मिसळलेलं असतं. नियमाप्रमाणे लिटरला २०० ते ३०० आययू, म्हणजे एका पेल्यात ४०-६०. काही खाद्यतेलांवरही हीच खूण असते. गवळ्याच्या सुट्या दुधात हे नसतं. तूप, डिंकाचे लाडू, बदाम यांतून शक्ती येते, ड येत नाही.

वर्षानंतर मुलाची गरज रोज ६०० आययू होते. शाकाहारी घरात, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला ती जेवणाने आणि उन्हाने भागणं अवघड असतं. वर्ष झालं की थेंब सरसकट बंद करण्यापेक्षा वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांना ‘पुढे काय’ हे विचारा.

कॅल्शियमची बाजू मात्र आपल्या स्वयंपाकघरात भक्कम आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. भारतात भरपूर ऊन असलेल्या भागातही मुडदूस आढळतो तो बरेचदा कॅल्शियमच्या कमतरतेमुळे: दूध नाही, दिवसभर भात आणि बिस्किटं. १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम, गाईच्या १०० मिलि दुधात सुमारे १२०. सहा महिन्यांनंतर मोड आणून वाळवलेल्या नाचणीच्या सत्त्वाची खीर सुरू करावी. मोड आल्याने कॅल्शियम अडवणारे घटक कमी होतात. पुढे दही, पनीर, तीळकूट, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू कुस्करून. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला दोन वाट्या दूध-दही आणि एक नाचणीचा पदार्थ मिळाला की कॅल्शियमची बहुतेक गरज भागते.

मुडदूस कसा ओळखायचा

मुडदूस म्हणजे वाढणाऱ्या हाडांच्या टोकांना खनिज न बसणं. हाड वाढतं पण मऊ राहतं, म्हणून खुणा जिथे वाढ जोरात असते तिथे दिसतात. अंघोळ घालताना तपासता येतील अशा या गोष्टी:

मनगट बघा. मुडदुसात ते दोन्ही बाजूंनी रुंद होतं, जणू एकाऐवजी दोन घड्या पडल्यात. छातीवरून बोट फिरवा; फासळ्या पुढे जिथे कुर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, जोडतात तिथे दोन्ही बाजूंना ओळीने गाठी लागतात. टाळू मोठी आणि पसरट राहते आणि दीड वर्ष उलटलं तरी भरत नाही. ती तेलाने भरत नाही, हाडात कॅल्शियम गेल्यावरच भरते. कपाळ दोन्ही बाजूंनी पुढे आलेलं. वर्षाचं झालं तरी एकही दात नाही. बसणं, रांगणं, उभं राहणं लांबलेलं, पोट पुढे, अंग ढिलं. झोपेत डोकं घामाने ओलं होतं. वरचेवर खोकला, न्यूमोनिया.

पायांना बाक हे सगळ्यांना माहीत असलेलं लक्षण, आणि त्यावरूनच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दोन वर्षांपर्यंत थोडे बाकदार पाय आणि तीन-चार वर्षांचं असताना गुडघे एकमेकांना घासणं हे निरोगी मुलांतही असतं आणि सातव्या वर्षापर्यंत आपोआप सुधारतं. बाक एकाच पायाला असेल, वाढत असेल, दोन वर्षांनंतरही राहिला असेल किंवा सोबत मनगट रुंद असेल तर दाखवा. उशिरा दात आलेल्या प्रत्येक मुलाला मुडदूस नसतो. ‘दात येत नाहीत’ म्हणून ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मागायला जाऊ नका.

काही लक्षणांना थांबायला वेळ नसतो. लहान बाळात, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, हाडं वाकायच्या आधीच रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि पहिलं लक्षण आकडी हेच असतं. ताप नसताना झटके येणं, हातापायांची बोटं आखडणं, सारखं दचकणं, श्वास आत घेताना घर्र आवाज येणं, दूध पिताना दम लागून घाम फुटणं. शेवटचं लक्षण हृदय कमकुवत झाल्याचं असू शकतं. झटके आले तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. तिथे कॅल्शियम शिरेतून द्यावं लागतं. डॉक्टरांना दोन गोष्टी लगेच सांगा: बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले होते का, आणि आईची पातळी कधी कमी आली होती का.

तपासणी आणि उपचार

निरोगी बाळाची ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून तपासणी करू नका. लक्षणं असतील तर करायची ती २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. उपाशी राहावं लागत नाही. मुलांमध्ये दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर पुरेशी, १२ ते २० अपुरी, १२ च्या खाली कमतरता. काही प्रयोगशाळा ३० च्या खाली सगळ्यांनाच लाल अक्षरांत छापतात. २४ आलं म्हणून घाबरू नये. अहवालावर नॅनोमोल असेल तर २.५ ने भागा. बाळंतपणानंतर केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्या आयांनी रक्त देण्याआधी तीन दिवस ते थांबवावं आणि प्रयोगशाळेत सांगावं, कारण काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा जास्त येतो.

मुडदुसाचं निदान एकट्या या आकड्यावर होत नाही. मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक्स-रे लागतो, त्यात हाडाची टोकं कपासारखी खोलगट आणि विस्कटलेली दिसतात. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेलं, फॉस्फरस बहुधा कमी. कॅल्शियम कधीकधी ठीकही असतं.

उपचार डॉक्टरच ठरवतील, पण चिठ्ठी समजावी म्हणून नेहमीचे आकडे असे: वर्षाच्या आत रोज २००० आययू, १ ते १२ वर्षांत रोज ३००० ते ६०००, किमान तीन महिने, आणि सोबत रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. कॅल्शियम सोडून नुसतं ड दिलं तर भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात आणि उपचार चालू असतानाच आकडी येऊ शकते. तीन महिने झाले की नेहमीचा ४०० किंवा ६००चा डोस. इथेच पालक थांबतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पातळी पुन्हा खाली जाते.

साधारण महिन्याभरात एक्स-रेवर भरण्याची रेषा दिसू लागते. मूल आधी चिडचिड कमी करतं, पायावर भार द्यायला लागतं. पायांचा बाक मात्र उंची वाढेल तसा महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षं घेऊन सुटतो. मालीश करून, पाय बांधून तो लवकर सरळ होत नाही. तीन महिने नेमाने औषध घेऊनही फरक नसेल तर फॉस्फेट लघवीवाटे वाया जाणारा आनुवंशिक मुडदूस, मूत्रपिंडाचे, यकृताचे किंवा आतड्याचे आजार शोधावे लागतात. तिथे आणखी मोठा डोस देणं हा उपाय नव्हे.

जास्त झाल्याची लक्षणं

रोजच्या ४०० आययूने निरोगी बाळाला सहसा बाधत नाही. पहिल्या सहा महिन्यांत १०००, पुढच्या सहा महिन्यांत १५००, १ ते ३ वर्षांत २५०० ही औषधोपचाराविना रोज द्यायची वरची मर्यादा. बाधा होते ती चुकीच्या बाटलीने किंवा वेगवेगळ्या दवाखान्यांत घेतलेल्या ३-६ लाखांच्या इंजेक्शनांनी. बाळ दूध सोडतं, ओकतं, शौचाला खडा होतो, लघवी आणि तहान वाढते, वजन घटतं, मूल मरगळतं. हे दिसलं तर ड आणि कॅल्शियम दोन्ही त्याच दिवशी बंद करा आणि बाटली घेऊन रुग्णालयात जा. रक्तातलं कॅल्शियम तपासावं लागतं. उशीर झाला तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे देणं बंद केल्यावरही परिणाम काही आठवडे टिकतो. मोठ्या डोसाचं इंजेक्शन झालं असेल तर त्याची तारीख आणि मात्रा लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्या, म्हणजे दुसरे डॉक्टर तेच पुन्हा देणार नाहीत.

एका मुलात कमतरता सापडली की आईची आणि भावंडांची चौकशी त्याच भेटीत करा. आईची पातळी कमी निघाली तर तिचे उपचार पुढच्या गर्भारपणाआधी पूर्ण व्हायला हवेत.